एका डब्यात नांदेड

माघ सरत आला की आमच्या भागात हळद शिजायला लागते. बांधाबांधाला चुलाणं पेटतात, कढयांवर गोणपाटं पडतात आणि ती कडवट वाफ सडकेवर येऊन रेंगाळते. हट्टा गावाकडचा वारा असला तर गावात शिरायच्या आधीच कळतं, आज कढई उतरली म्हणून. या वासाच्या मागोमाग मला हटकून दुसरा एक वास येतो. तो आता कुठंच नसतो, तरी येतो. तापलेल्या कोऱ्या रंगाचा, नव्या रबराचा, पेट्रोलचा.

यंदा नातवाने याच दिवसांत छोटी गाडी घेतली. दारात उभी करून कुरकुरला, "आबा, सांगितलं होतं तेवढं ॲव्हरेज देत नाही ही. फसलो की काय?"

"पळाली किती?"

"तीन-चारशे किलोमीटर."

"मग तिचं इंजिन अजून मोकळं झालं न्हाई. गप हळू चालव. अन् पुन्हा पुन्हा टाकीत डोकावू नको."

तो हसला. म्हाताऱ्याला काय कळतं, असं ते हसू होतं. मी वाद घातला नाही. शाळेच्या बाबतीत मी कच्चाच. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूची. मास्तर बोलायचे ते मला कळायचं नाही आणि मी बोलायचो ते त्यांना आवडायचं नाही, म्हणून ते प्रकरण दोघांनी लवकर मिटवलं. पण नवं इंजिन कसं मोकळं करायचं, हे या तालुक्यात माझ्याआधी फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. हे मी फुशारकीने सांगत नाही. म्हणजे, फुशारकीनेच सांगतो. का सांगू नये?

जर्मनच्या दुसऱ्या लढाईच्या आधीचा हिवाळा होता तो. आमचं गाव कळमनुरी–नांदेड सडकेवरून थोडं आत, आखाडा बाळापूरच्या बाजूला. सडक आणि गाव यांच्या मध्ये एक ओढा, वाळूचा, मधून बारीक पाण्याचा. माझा बाप रामजी गावच्या मालकांची दमणी हाकायचा. दमणी म्हणजे माणसं बसायची हलकी, छपराची बैलगाडी. तिला लाल कंधारी जोडी होती, पवळ्या आणि माणक्या. सकाळच्या उन्हात ती जोडी चालू लागली की जास्वंद चालल्यासारखी दिसायची. बाने त्यांना कधी चाबूक लावला नाही. जिभेने नुसतं टक् केलं की त्यांना सगळं कळायचं. मी मात्र नांदेडच्या सर्व्हिस मोटारीवर, म्हणजे भाड्याने माणसं नेणाऱ्या मोटारीवर, क्लीनर म्हणून राहिलो, मार खाऊन स्टेअरिंग शिकलो आणि परत आलो तो मालकांच्या डोक्यात मोटारीचं खूळ भरूनच. मालक तरुण होते, खूळ भरायला जागा भरपूर होती. चार माणसं बसतील एवढी छोटी विलायती गाडी त्यांनी घेतली. मी तिचा ड्रायव्हर झालो.

एका घरात दोन वाहनं. मालकांच्या आईने, थोरल्या बाईसाहेबांनी, पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "दोन्ही पोसायची न्हाईत. होळीपर्यंत बघते. मोटार न्हाई तर दमणी, एकच राहील." किल्ल्या त्यांच्या कमरेला असायच्या, म्हणजे शब्द त्यांचाच. तेव्हापासून आमच्या घरात सगळ्यांना कळून चुकलं होतं की होळीनंतर एकाचं काम राहणार. बाचं नाही तर माझं.

गाडी हैदराबादेहून रेल्वेने नांदेडला उतरली. सोबत आलेला मिस्त्री मला म्हणाला, "देखो मियाँ, इंजन नया है, सख्त है. पहले पाँच सौ मील इसको जच्चा समझो. तीस के ऊपर नहीं." जच्चा म्हणजे बाळंतीण. मालकांनी घरी येऊन आईला हे शब्दाला शब्द सांगितलं आणि तिथंच घोटाळा झाला. बाळंतपणाचा विषय निघाला म्हटल्यावर बाईसाहेबांनी तो मालकांच्या हातात ठेवलाच नाही. बाळंतीण म्हणजे सव्वा महिना. सव्वा महिना म्हणजे उंबऱ्याबाहेर पाऊल नाही.

गोठ्याचा अर्धा भाग रिकामा करून गाडी आत घातली. दाराला घोंगडं टांगलं. दृष्ट नको म्हणून बॉनेटला काळा दोरा बांधला. मी रोज जाऊन काच पुसायचो आणि बाहेर येऊन म्हणायचो, मालक, दिवस मोजून भागत नाही, मैल मोजावे लागतात. मालक म्हणायचे, "आईला सांग." मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुझ्या मायला इचार, तू झाल्यावर ती कितव्या दिवशी विहिरीवर गेली."

एका सकाळी घोंगडं बाजूला केलं तर पुढच्या चाकाजवळ शेगडी, तिच्यावर ओवा अन् शेपा टाकून धुरी चाललेली. बाळंतिणीला देतात तशी.  उघड्या हातांनी शेगडी उचलली आणि अंगणात फेकली. तळवे भाजले. बाईसाहेब धावत आल्या.

"काय करून राहिलास रे?"

"बाईसाहेब, पोटात पेट्रोल हाय तिच्या! गोठा उडाला असता!"

त्या जरा वरमल्या. "बरं, धुरी न्हाई देत. पण दिवस भरल्याबिगर बाहेर न्हाई काढायची."

बा पलीकडं जोडीला वैरण टाकत होता. तो बैलांनाच सांगितल्यासारखा म्हणाला, "बाराव्याला बारसं करा म्हणावं. नाव ठिवा झोपाबाई."

मला त्या दिवसांत झोप यायची नाही. गाडी मला गोठ्यात उभी दिसायची, आतलं लोखंड तसंच ताठ, खरखरीत. मला कुणाला समजावता येत नव्हतं. मिस्त्रीने सांगितलं ते माझ्या हाताला कळलं होतं, तोंडाला कळलं नव्हतं. ते शब्द मला शेवटी बाईसाहेबांच्याच घरातून मिळाले.

'जात्याला टाकीऽऽ' असं ओरडत पाथरवटाची बायको गावात आली. जात्याचे दगड गुळगुळीत झाले की ती छिन्नीने त्यांना पुन्हा खरखरीत करून द्यायची. बाईसाहेबांनी जातं टाकवून घेतलं, पसाभर जोंधळे घातले, दळले आणि ते पीठ सरळ गुरांच्या गव्हाणीत टाकलं. मी तिथंच उभा होतो.

"बाईसाहेब, चांगलं पीठ काहून टाकलं?"

"कच असती त्यात. टाकी लावल्यावर पहिलं दळण गुराला. इतकं बी ठावं न्हाई व्हय?"

"अन् तेच जातं सव्वा महिना झाकून ठिवलं असतं, तर कच गेली असती का?"

"फिरवल्याबिगर कशी जाईल?"

"अन् पहिल्याच दिवशी बक्कळ धान घालून गरागरा फिरवलं तर?"

"दगड फुटंल, मेल्या."

"तसंच हाय बाईसाहेब. आत नवं लोखंड हाय, टाकी लावल्यावानी. फिरवावं तर लागतंय, पण हळू. हलक्या हातानं. अन् सुरवातीला ते पेट्रोल जास्तीचं पिणार. ते गुराला घातलं म्हणायचं."

त्यांनी खुंट्यावरचा हात काढला नाही. जातं एकदा हळूच फिरवून बघितलं. मग हाक मारली, "रामजी, तुझं पोरगं वकील निघालं रे."

बा म्हणाला, "वकील कशाचा बाईसाहेब. बैलाचं खाऊन मोटारीचं गातंय."

गाडी बाहेर निघाली. आता वाटतं, माणसं मूर्ख नव्हती. त्यांच्याकडं नाजुकपणाचं एकच माप होतं, त्या मापाने त्यांनी लोखंडाचेही लाड केले. आजच्या गाड्यांना कुणी दोरा बांधत नाही की कान लावून ऐकतही नाही.

गाडी रस्त्याला लागली तर आता मालकांना धीर नाही. "एका डब्यात नांदेडला जाऊन येतो," अशी बढाई त्यांनी चावडीवर मारली. पेट्रोल तेव्हा नांदेडलाच मिळायचं, सीलबंद पत्र्याच्या डब्यातून. मी म्हणालो, आत्ताच नको. पण निघालो. इंजिन ताठ होतं, चढाला दमायचं, पाणी तापायचं. आणि पेट्रोल असं पीत होतं की ज्याचं नाव ते. बढाईपायी मालकांनी नांदेडला दुसरा डबा घेऊ दिला नाही. परत येताना ओढ्याच्या बरंच अलीकडं फट् फट् करून गाडी थांबली. बाजूच्या शेतात हुरडा भाजत होते, वास येत होता, आणि आम्ही दोघं बिनतेलाच्या गाडीत पाय लांब करून बसलो.

निरोप गेला तसा बा दमणी घेऊन आला. त्याने गाडीच्या पुढे वाकून बघितलं, लोखंडी पट्टीला सोल, म्हणजे जाड दोर, बांधला, दुसरं टोक दमणीला. मालक दमणीत बसले. मी स्टेअरिंग धरलं. पवळ्या-माणक्याने आम्हाला ओढत वेशीतून आणलं. पाराशी माणसं उभीच होती.

"बैलांना मोटार जुपली का मोटारीला बैलं?"

"रामजी, लेकाला चांगलं दाव्याला बांधून आणलंस!"

"किसन्या, वैरण टाकू का रे तिला?"

बाने जोडीला टक् केलं. तो हसला नाही. हसला असता तर मला सोपं गेलं असतं.

बाईसाहेब ओट्यावर होत्या. "जिथनं तेल आणायचं तिथनं घरी यायला ते पुरत न्हाई, ती मोटार काय कामाची? आता माझं माप ऐका. होळीच्या आधी हितनं नांदेड अन् परत, एका डब्यात. आली तर मोटार राहील. न्हाई तर दमणी." मी तिथंच, गावासमोर म्हणालो, "येईल." मालकांनी माझ्याकडं असं बघितलं की मी त्यांचंच घर पणाला लावलं. मी माझं लावलं होतं.

मग तो लांबलचक, हळू हिवाळा. पौषाच्या सकाळी तुरीला पिवळा फुलोरा, कापसाच्या बोंडांवर दव, आणि त्यातून आमची गाडी आपली गुणगुणत चाललेली. चढाला गेअर बदलायचा, इंजिनाला ओढायला लावायचं नाही. चोक, म्हणजे गार इंजिनाला जास्तीचं पेट्रोल पाजणारी दांडी, गरज संपली की आत ढकलायचा. विसरला तर ते पेट्रोल नुसतं धुराड्यातून जातं. थांबलं की कान लावायचा. सुरवातीला आतून करकर यायची, दातावर दात घासल्यासारखी. मी तिच्यावर ओरडलो नाही, तिच्यासाठी नवस बोललो नाही. रोज थोडी चालवली, एवढंच केलं. पण रोज केलं.

कळमनुरीच्या बाजाराला जाताना मालक मागून म्हणायचे, "दाब की रे पाय! सायकलवाला पुढं चालला."

"जाऊ द्या मालक."

"किसन, गाडी कुणाची?"

"तुमची. इंजिन होळीपर्यंत माझं."

एकदा त्यांचा पाराच चढला. "उतर खाली! मीच चालवतो." मी गाडी बंद केली, उतरलो, पुढचं हँडल काढून काखेत मारलं आणि गावाकडं चालायला लागलो. हँडल फिरवल्याशिवाय ती सुरू होत नसे. मालक बरंच काही बोलले, त्यातलं अर्धं उर्दूत होतं. मी वळून बघितलं नाही. शेवटी हाक आली, "ये लेका, ये. मढ्यावानी चालव, पण चालव." मी परत गेलो आणि तशीच चालवली.

ओढ्याच्या खडबडीत उतारावर मी गाडी पायी चालल्यासारखी उतरवायचो. नेमका तिथं बा मागून यायचा. घुंगुरमाळांचा आवाज आधी, मग धूळ, मग लाल पाठी. टक् करायचा आणि बाजूने निघून जायचा. माझ्याकडं बघायचा नाही. त्याला ठाऊक होतं की सपाटीवर मी त्याला गाठणार. मलाही ठाऊक होतं. तरी त्या उतारावर तो रोज पुढं गेला.

मी एकदा इंजिनातलं जुनं तेल सोडलं. परातीत काळं तेल, आणि त्यात बारीक चमक, अभ्रक चुरून टाकल्यासारखी. बा येऊन बघून गेला.

"झिजून राहिली की तुझी बाळंतीण."

"झिजल्याबिगर मोकळी कशी व्हईल?"

"बैल झिजला तर म्हातारा व्हतो. मोकळा न्हाई व्हत."

"बैलाचं अन् इंजिनाचं येक न्हाई, बा."

"तेच तर म्हणून राहिलो मी."

घरी ताटावर बसलो की आम्ही दोघं गप्प. माय भाकरी वाढताना वैतागायची, "येकमेकाशी बोला की रे. भाकरीशी काय बोलून राहिलात?" एकदा बाच बोलला. "तुझी मोटार चालली, तर मी काय करायचं?"

"बसायचं. मी हाय ना."

"बसून राहायला मी काय देव्हाऱ्यातला देव हाय?" एवढं म्हणून त्याने ताटात पाणी सोडलं आणि उठला. मला तेव्हा थांबता आलं असतं का? मी कितीदा इंजिन बंद करून अंधारात हा प्रश्न उलटासुलटा केला आहे. उत्तर एकच येतं. नसतं आलं, आणि थांबायला नकोच होतं. बाला माझी दया चालली नसती. दया म्हणून मी हरलो असतो तर त्याने मला त्याच सोलाने झोडपलं असतं.

माघात इंजिनाचा आवाज बदलला. एके सकाळी हँडल अर्ध्या फेरीत फिरलं, हाताला पहिल्यासारखा हिसका बसला नाही. करकर गेली. राहिला तो एक गोल, गुळगुळीत आवाज, जातं चालू असताना दुसऱ्या खोलीत येतो तसा. चढावर ती दमेना. मी कुणाला काही सांगितलं नाही. फक्त बाने त्या सकाळी गोठ्यातून मान वर करून ऐकलं, आणि पवळ्याच्या पाठीवर फिरणारा हात थांबवला.

होळीच्या आधी दोन दिवस परीक्षा ठरली. टाकी गावासमोर पूर्ण रिकामी केली, सीलबंद डबा फोडून फडक्यातून गाळून आत ओतला. साक्षीला कोण? मालक माझ्या बाजूचे, चावडीवरचे सगळे थट्टेखोर. बाईसाहेब म्हणाल्या, "रामजी जाईल. तो खोटं बोलायचा न्हाई." बाने धुतलेलं धोतर नेसलं, पटका बांधला, आणि मोटारीत आयुष्यात पहिल्यांदा बसला. पुढं बसला नाही. मागं बसून दोन्ही हातांनी पुढची सीट धरली.

पळसाला तेव्हा ऐन बहर असतो. पान नाही, नुसती आग. बाळापूर गेलं, सडक मोकळी लागली. बाजूच्या मळ्यांत कढया चढलेल्या, हळदीची वाफ काचेवर यायची. बा एकदा फक्त म्हणाला, "वारं लागतंय." ते चांगलं की वाईट, कळलं नाही. नांदेडला पेट्रोलवाल्याच्या दारातून गाडी वळवली, पाणी घातलं, निघालो.

परतीला एक लांब उतार लागतो. सर्व्हिसवाले तिथं इंजिन बंद करून गाडी घसरवायचे, पेट्रोल वाचवायला. बाला कसं ठाऊक होतं कोण जाणे. मागून आवाज आला, "उतार हाय. बंद कर की. वाचंल."

 ज्याचं काम जाणार तो मला वाचवायचं सांगत होता.

"न्हाई बा. वाचलं तर ते उतारानं वाचवलं असं व्हईल. मला मोटारीचं माप पाहिजे."

तो हुंकारला. तसा हुंकार तो चांगला बैल बघितल्यावर द्यायचा.

आणि ओढ्यात घात झाला. इतक्या दिवसांच्या सवयीने मी तिथंही हळूच गेलो, पाय उचललेला, थेंब थेंब वाचवत. वाळूने चाक गिळलं. मी उतरून ढकलू लागलो तर बा आधीच गुडघाभर वाळूत.

"बा, तुमी बसा."

"तू हाकल. मी ढकलतो. वाळू कुणाची सोयरी न्हाई."

त्याने मागच्या बाजूला खांदा लावला. आयुष्यभर त्याने जुवाखाली दुसऱ्यांचे खांदे बघितले होते. गाडी निघाली. बा ओला, पटक्यात वाळू, आत येऊन बसला आणि पुन्हा दोन्ही हातांनी सीट धरली.

दारात गाव जमलं होतं. उरलेलं पेट्रोल तांब्यात काढलं. एक तांब्या भरला, वर थोडं सांडलं. मालकांनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी वाकलो. बाईसाहेबांनी हात वर केला.

"रामजी, बराबर?"

बा पटका झटकत होता. झटकून झाल्यावर म्हणाला, "बराबर. पण वढ्यात फसली व्हती. मी उतरून ढकलली."

मालक ओरडले, "अरे, हात-दोन हात ढकलली असशील! तेवढ्यानं काय व्हतं?"

"ते मला न्हाई ठावं मालक. इचारलं म्हणून सांगितलं."

बाईसाहेब म्हणाल्या, "मग एका डब्यात आली न्हाई. एक डबा अन् एका रामजीत आली."

गाव हसलं. मला राग आला, पण बाचा नाही. तो खोटं बोलला असता तर मला ती जीत ठेवायला घरात जागा नव्हती. मी तांब्या उचलला आणि ते पेट्रोल परत टाकीत ओतलं.

"मग ह्या तांब्यात वढा पुन्हा करतो. जाताना बी, येताना बी. कुणी हात लावायचा न्हाई. अन् घरी येतो. आली न्हाई तर उद्यापासून हँडल तुमच्या दारात."

"कोण बसंल साक्षीला? रामजी, जा."

"मी न्हाई," बा म्हणाला. "मालकांनी बसावं. मी बसलो अन् फसली, तर माझा पाय पुन्हा खाली उतरंल."

मालक पुढं बसले. ओढ्याच्या काठावर आलो. समोर तीच वाळू, आमच्या चाकांची ओली खूण अजून तिच्यात. मी दुसरा गेअर टाकला आणि त्या हिवाळ्यात पहिल्यांदा पाय पूर्ण दाबला. तळापर्यंत. इंजिन ओरडलं नाही, ते गायलं. इतके दिवस आवळून धरलेलं सगळं त्याने एकदम सोडलं. दोन्ही बाजूंना पाणी उडालं, मालक "अरे अरे" करत दाराला चिकटले, आणि आम्ही पलीकडं. न थांबता वळवली आणि पुन्हा अलीकडं. मालक हसत होते, लहान मुलासारखे. मी हसलो नाही. मला घरापर्यंतचा चढ दिसत होता. तोही ती गुणगुणत चढली.

दारात आलो तेव्हा कुणाला विचारायची गरज राहिली नव्हती. बाने आवाजावरूनच ओळखलं होतं. दमणीचं जू भिंतीला उभं टेकवून ठेवलं होतं, घुंगुरमाळा काढून बाईसाहेबांच्या ओट्यावर नीट गुंडाळून ठेवल्या होत्या. जोडीची दोन्ही दावी हातात धरून तो उभा होता.

मालक म्हणाले, "रामजी, तू गाडीखान्यावर राहा. राखण कर. कुठं जाऊ नको."

"न्हाई मालक. जोडी बाजारात न्या न्हाई तर मला बटईला द्या, पिकातला वाटा देत जाईन. मी शेत करतो. मोटारीची राखण मला जमायची न्हाई. ती हाक मारल्यावर मान वर करत न्हाई."

बाईसाहेबांनी मालकांना बोलू दिलं नाही. "जोडी रामजीची," म्हणाल्या आणि घुंगुरमाळा परत त्याच्या खांद्यावर टाकल्या. बाने त्या घेतल्या. औताच्या बैलांना घुंगुरमाळा कशाला, असं गाव म्हणालं. त्याने नांगरटीलाही त्या घातल्या.

पुढं लढाईत पेट्रोल मिळेनासं झालं, गाडी विटांवर चढली. मालकांनी बाला निरोप धाडला, दमणी पुन्हा जुपतोस का. बाने उलटा निरोप दिला, बैल आता औताचे झाले, त्यांना आता बाजाराची सडक नको. मला त्यावेळी त्याचा केवढा अभिमान वाटला! मी गाडीचं इंजिन तेल घालून, हँडल फिरवून तसंच मोकळं ठेवलं, वर्षानुवर्षं. आम्ही दोघं एकाच मातीचे.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो परीक्षेनंतरचा बाजाराचा दिवस. मी मालकांना बाळापूरला सोडून गाडी रिकामी घेऊन येत होतो. उन्हं चढली होती. बा सडकेच्या कडेने चालत होता, खांद्यावर मिठाची पिशवी, हातात वहाणा. मी गाडी त्याच्या चालीने घेतली, दार उघडलं.

"बा, बसा की. गावाकडंच चाललोय."

तो चालतच राहिला. मीही बाजूला तसाच, पायी चालल्यासारखा. इंजिन गोल, बारीक आवाजात फिरत होतं. त्याने जरा कान दिला. मग माझ्याकडं न बघता, वहाणा या हातातून त्या हातात घेत म्हणाला,

"हो फुडं. उगं तेल जाळू नको."